संधिवाताचे उंदीर

डीबीए हा प्रयोगशाळेतल्या उंदरांचा सगळ्यात जुना शुद्ध वंश. केसांचा रंग पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो हे बघायला १९०९ साली हार्वर्डमधल्या क्लॅरेन्स कुक लिटल नावाच्या तरुणाने फिकट तपकिरी उंदीर घेतले आणि सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या लावायला सुरुवात केली. त्यांच्या पिल्लांतही तेच, त्यांच्याही पिल्लांत तेच. असं सलग वीस पिढ्या केलं की त्या वंशातले सगळे उंदीर जनुकांच्या हिशेबाने जवळजवळ एकसारखे होतात, एकाच पानाच्या झेरॉक्स काढाव्यात तसे. (सोयरीक ठरवताना सात-सात पिढ्या मागे जाऊन नातं बघणाऱ्या आमच्या आजीने हे ऐकून तोंडाला पदर लावला असता.) लिटलने पुढे १९२९ मध्ये मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी काढली आणि असे शुद्ध वंशाचे उंदीर जगभर जायला लागले.

या डीबीएच्या एका शाखेला, डीबीए/१ला, संधिवात होतो. म्हणजे आपोआप नाही, करावा लागतो. आणि तो कसा करता येतो हे कळायला १९८० साल उजाडलं.

उंदरांच्या पायांच्या सांध्यांशी माझा संबंध काय, असं घरचे विचारतातच. मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली, डॉक्टर नाही. पण माझ्या मावशीला १९८६ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, हा आजार झाला. सुरुवात फार साधी होती. सकाळी तिला पोळ्या लाटता येईनात. अकराच्या सुमाराला हात सैल व्हायचे आणि मग सगळं जमायचं. त्यामुळे घरात आधी सगळ्यांना वाटलं की सकाळी उठायचा कंटाळा! पुढे बोटांची पेरं सुजली, दोन्ही हातांची एकदम, आणि तिथून पुढची सगळी वर्षं सोन्याची इंजेक्शनं, स्टिरॉइडने गोल झालेला चेहरा, आणि मग मेथोट्रेक्सेटच्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या.

मराठीत 'संधिवात' म्हटलं की सगळं एका पिशवीत जातं. पंचाहत्तरीच्या आजोबांचा गुडघा झिजतो तोही संधिवात आणि चौतीस वर्षांच्या बाईची बोटं वाकडी होतात तोही संधिवात. पहिली झीज आहे. दुसऱ्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बेरिंग गॅरड यांनी १८५९ मध्ये या दुसऱ्या प्रकाराला ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस हे नाव दिलं. आपल्याकडे माधवनिदानात आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि वैद्य लोक याच आजाराला आमवात म्हणतात. मी इथे संधिवात म्हणते तेव्हा हाच, एवढं लक्षात ठेवा.

मावशीला मुलगी आहे, आणि त्या मुलीलाही आता मुली आहेत. तेव्हा घरात दर दिवाळीला कुणीतरी विचारणारच, हे आनुवंशिक असतं का गं? याचं एक बरंचसं खरं उत्तर जुळ्यांकडून मिळतं. ब्रिटनमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण साधारण १५ टक्के निघालं. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत ते चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जनुकांचा हात आहे, नक्कीच आहे. पण अख्खी जनुकं तीच असूनही शंभरातल्या पंच्याऐंशी जुळ्या भावंडांना होत नाही. मावशीच्या लेकीला मी हेच आकडे सांगितले. ती म्हणाली, "मग बाकीचं काय असतं?" या 'बाकीचं काय'साठी मी जुने शोधनिबंध काढून बसले, आणि वाट सरळ उंदरांच्या पिंजऱ्याकडे गेली.

माणसांत जनुकं शोधणं अवघड का? कारण माणसं झेरॉक्स नसतात. प्रत्येकाचं खाणं वेगळं, घर वेगळं, सिगारेट वेगळी, आणि लग्नं आपण (सुदैवाने) संशोधकांना विचारून करत नाही. तरीही डॅलसच्या पीटर स्टॅस्टनींनी १९७८ मध्ये एक मोठा धागा पकडला. एचएलए नावाची जनुकं असतात. प्रतिकारशक्तीच्या पेशींना परक्या वस्तूचा तुकडा 'हे बघ' म्हणून दाखवण्याचं काम ती करतात. एखादं तबक पुढे धरावं तसं. त्यातला डीआर४ नावाचा प्रकार स्टॅस्टनींना सुमारे ७० टक्के रुग्णांत सापडला आणि निरोगी लोकांत २८ टक्क्यांत. आता गंमत बघा. २८ टक्के धडधाकट लोकही हेच तबक घेऊन फिरतायत आणि त्यांना काही होत नाही. मग हे तबक गुन्हेगार आहे की नुसतं गुन्हेगाराच्या शेजारी राहतंय? माणसांवर प्रयोग करून हे ठरवता येत नाही.

इथे एक खुलासा. मराठीत माऊसही उंदीर आणि रॅटही उंदीर. घूस म्हणावं तर ती वेगळीच. म्हणून या लेखात माऊसला उंदीर आणि रॅटला रॅटच म्हणते.

रॅटला संधिवात करता येतो हे आधीच माहीत होतं. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल पिअर्सन यांनी रॅटला फ्रॉइंडचं मिश्रण टोचलं. हे म्हणजे तेलात कालवलेले मेलेले क्षयाचे जंतू. लस देताना प्रतिकारशक्ती चाळवायला ते प्रयोगशाळांत वापरत. पण टोचल्यावर रॅटचे पाय सुजले. मग १९७७ मध्ये डेव्हिड ट्रेंटहॅम, अलेक्झांडर टाउन्स आणि अँड्र्यू कँग यांनी त्याहून नेमकी गोष्ट दाखवली. आपल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन असतं. ते टोचलं तर सुमारे ४० टक्के रॅटना संधिवात झाला. कातडीतलं कोलॅजन टोचलं तर काहीच नाही. म्हणजे शरीराला कूर्चेची 'ओळख' शत्रू म्हणून करून दिली की ते स्वतःचे सांधे खायला उठतं.

१९८० मध्ये लंडनच्या एका गटाने हेच उंदरांत करून दाखवलं, आणि इथे आपला तपकिरी डीबीए/१ रंगमंचावर येतो. शेपटीच्या बुडाशी कोलॅजन टोचायचं, एकविसाव्या दिवशी पुन्हा एकदा, आणि वाट बघायची. सूज आली की प्रत्येक पायाला शून्य ते चार गुण द्यायचे, चार पायांचे मिळून सोळा. मी हे गुणपत्रक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मावशीचे हात आठवले आणि पुढचं पान लगेच उलटवेना. गणपतीचं वाहन म्हणून आपण त्याच्यापुढे लाडू ठेवतो आणि इकडे हे सोळापैकी तेरा, सोळापैकी चौदा. याचं समर्थन करायचं तर त्यातून काय निघालं ते तरी नीट सांगायला हवं.

पहिलं निघालं ते १९८१ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून. पॉल वूली, हरविंदर लुथ्रा, जॉन स्टुअर्ट आणि चेल्ला डेव्हिड. (लेखकांच्या यादीत ही दोन आपल्याकडची वाटणारी नावं दिसल्यावर मी खुर्चीत सरसावून बसले, खोटं कशाला बोला.) त्यांनी वेगवेगळ्या वंशांच्या उंदरांना तेच कोलॅजन टोचलं. काहींना संधिवात झाला, काहींना नाही. फरक कशात? आपल्या एचएलएची उंदरांतली बहीण म्हणजे एच-२. मग बाकी सगळी जनुकं तीच आणि फक्त एच-२ बदललेलं, असे उंदीर घेतले. सगळं घर तेच ठेवून फक्त देवघर बदलावं तसं. आजार देवघराबरोबर गेला. क्यू नावाचं एच-२ असेल त्यांना झाला, इतरांना नाही. पुढे तर असं दिसलं की आजार देणाऱ्या क्यू प्रकारात आणि न देणाऱ्या पी प्रकारात तबकाच्या रेणूमध्ये फक्त चार अमिनो आम्लांचा फरक आहे.

चार! आणि १९८७ मध्ये पीटर ग्रेगर्सन, जॅक सिल्व्हर आणि रॉबर्ट विंचेस्टर यांनी माणसांबद्दल मांडलं ते जवळपास असंच. संधिवाताशी संबंधित एचएलएचे प्रकार वेगवेगळ्या नावांचे असले तरी त्यांच्या साखळीत ७० ते ७४ या पाच जागी सारखीच अक्षरं येतात, आणि ही जागा बरोबर तबकाच्या खोबणीच्या कडेला आहे. नंतर १९९७-९८ मध्ये मेम्फिसच्या गटाने माणसाची डीआर१ आणि डीआर४ ही जनुकंच उंदरांत घातली. कोलॅजन टोचल्यावर त्या उंदरांना संधिवात झाला. तबक नुसतं शेजारी राहत नव्हतं. गुन्ह्यात सामील होतं.

एव्हाना अथेन्समध्ये वेगळंच नाट्य चाललं होतं. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्ज कोलियस यांनी माणसाचं टीएनएफ हे जनुक उंदरात घातलं. टीएनएफ म्हणजे सूज वाढवणारा एक निरोप्या. या जनुकाच्या शेपटाशी त्याला आवर घालणारा एक भाग असतो. कोलियस यांच्या गटाने तो काढून तिथे दुसऱ्याच जनुकाचं शेपूट जोडलं. लगाम सुटला. पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईतो सगळ्यांना संधिवात! ना कोलॅजन, ना क्षयाचे जंतू. आणि टीएनएफला पकडणारी अँटीबॉडी दिली की आजार होतच नव्हता. हा निबंध १९९१ चा.

लंडनमध्ये मार्क फेल्डमान आणि रविंदर मैनी हेही त्याच टीएनएफच्या मागे होते. रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशींवर त्यांचं काम आधीच झालं होतं. १९९२ मध्ये त्यांनी तपकिरी डीबीए/१ला टीएनएफविरोधी अँटीबॉडी देऊन त्याची सूज उतरवून दाखवली, त्याच वर्षी चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णांना ती दिली गेली, आणि १९९४ मध्ये ७३ रुग्णांच्या चाचणीचे आकडे आले. चार आठवड्यांनी जास्त मात्रेच्या गटात ७९ टक्के लोकांना उतार, खोटं औषध दिलेल्यांत ८ टक्के. औषधांच्या चाचण्यांत इतकं स्पष्ट उत्तर क्वचित मिळतं. १९९८-९९ पासून अशी इंजेक्शनं अमेरिकेत या आजारासाठी मिळायला लागली. आमच्या मावशीपर्यंत ती पोचायला आणखी दहा वर्षं गेली, आणि तोवर तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वळलेली होती.

तिला इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे काढला, हातावर क्षयाची चाचणी केली. हेही उंदरांनीच आधी सांगितलं होतं, याचं मला फार नवल वाटतं. १९९५ मध्ये प्रयोगांत दिसलं होतं की टीएनएफ नसलेले उंदीर क्षयाच्या जंतूंना थोपवू शकत नाहीत. जंतूभोवती शरीर जी तटबंदी उभारतं ती टिकवण्याचं काम हाच निरोप्या करतो. तरीही इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमधल्या क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली ती २००१ मध्ये, औषध दीडएक लाख लोकांना देऊन झाल्यावर. ज्या देशात क्षय फारसा उरलेला नाही तिथे तो निबंध कुणाला महत्त्वाचा वाटला नसेल. आपल्याकडे तो पहिल्या पानावर हवा होता.

आता उंदरांनी फसवलेल्या गोष्टी. फसवलं म्हणणं खरं तर अन्याय आहे, कारण उंदराला विचारलं तेवढंच तो सांगतो. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गला डायान मॅथिस आणि क्रिस्टोफ बेनोआ यांच्या प्रयोगशाळेत भलत्याच कारणासाठी बनवलेला एक उंदीर मधुमेही वंशाच्या उंदराशी जोडला गेला, आणि सगळी पिल्लं सुजलेले पाय घेऊन वाढली. संधिवात कुणाच्या डोक्यातही नव्हता. त्यांनी नेट लावून शोधलं तर प्रतिकारशक्ती जीपीआय या एन्झाइमवर उठली होती. हे एन्झाइम शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं, पण मार खात होते ते सांधेच. त्या पिल्लांचा रक्तद्रव निरोगी उंदराला टोचला की काही दिवसांत त्यालाही सूज. अँटीबॉडी एकट्यादुकट्याही सांधा सुजवू शकतात, हे त्यातून शिकायला मिळालं. पण माणसांच्या संधिवाताचं रहस्य जीपीआयमध्ये सापडेल ही आशा काही फळली नाही.

आयएल-१७ या निरोप्याचंही तसंच. उंदरांत तो अडवला की संधिवात छान आटोक्यात. माणसांत तीच औषधं सोरायसिसला उत्तम लागू पडली, या संधिवाताला बेताचीच. आणि ज्या ट्रेंटहॅमनी कोलॅजन टोचून रॅटना आजार दिला, त्यांनीच १९९३ मध्ये ६० रुग्णांना कोंबडीच्या कूर्चेचं कोलॅजन तोंडाने देऊन पाहिलं. पोटातून गेलेल्या वस्तूला शरीर सहसा शत्रू मानत नाही, या तत्त्वावर. पहिल्या चाचणीने आशा वाढवली, पुढच्यांनी ती फारशी टिकवली नाही. बाजारात कोलॅजनच्या पुड्या आजही मिळतात. मावशीला आणून देणारे नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी हा परिच्छेद.

'बाकीचं काय'ला सगळ्यात जवळ जाणारे उंदीर मात्र जपानमधले. शिमोन साकागुचींच्या गटाने २००३ मध्ये एसकेजी नावाच्या उंदरांबद्दल लिहिलं. त्यांच्यात झॅप-७० या एका जनुकात एका अक्षराचा बदल आहे, आणि त्यांना संधिवात आपोआप होतो. पण पिंजरा अगदी निर्जंतुक ठेवला तर होत नाही! जनुक तेच, बदल तोच, पाय ठणठणीत. मग त्यांना बुरशीच्या पेशींच्या आवरणातला एक पदार्थ टोचला की आजार उफाळतो. माणसांत हे काम कोण करतं याची यादी पुरी झालेली नाही. सिगारेटचं नाव मात्र तिच्यात पक्कं आहे, विशेषतः ती पाच अक्षरं ज्यांच्या तबकावर आहेत त्यांच्यासाठी.

दरम्यान माणसांची जनुकं थेट वाचण्याचे दिवस आले. २०१४ मध्ये एक लाखाहून जास्त लोकांच्या नमुन्यांतून जोखमीच्या १०१ जागा दाखवल्या गेल्या. उंदीर आता घरी पाठवावेत असं वाटण्याजोगी ही यादी. पण स्वीडनच्या रिकार्ड होल्मडाल यांच्या रॅटची गोष्ट ऐका. त्यांच्याकडे दोन वंश होते, डीए आणि ई३. खनिज तेलासारखा एक पदार्थ टोचला की डीएला जोरदार संधिवात, ई३ला नाही. दोघांच्या जोड्या लावत, पिढीमागून पिढी गुणसूत्राचा तुकडा बारीक करत ते शेवटी एका जनुकावर पोचले. एनसीएफ१. साल २००३. पेशी जंतूंवर जो जळजळीत ऑक्सिजन फेकतात, तो बनवण्यात या जनुकाचा हात असतो. हा ऑक्सिजन सांधे जाळतो असंच सगळे धरून चालले होते. निघालं उलटं. आजारी पडणाऱ्या डीएमध्ये तो कमी बनत होता.

मग माणसांच्या १०१ जागांत हे जनुक का नव्हतं? कारण माणसात एनसीएफ१च्या शेजारी त्याच्यासारखीच दिसणारी दोन निकामी जनुकं बसलेली आहेत, आणि जनुकं मोजणाऱ्या चिप्सना त्यांतलं खरं कोणतं ते ओळखता येत नाही. २०१७ मध्ये ती गुंतागुंत सोडवून पाहिल्यावर एका अक्षराचा बदल सापडला, ऑक्सिजन कमी करणारा. ल्युपसशी त्याचा संबंध सगळ्यात घट्ट निघाला, आणि ऱ्हुमटॉइड संधिवाताशीही निघाला. कुठे बघायचं ते रॅटनी चौदा वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं.